एका पंख्याखालचं घर

किसननाना आमच्याकडे आले की आधी आमच्या व्हरांड्यातला दिवा बंद करतात आणि मग नमस्कार करतात. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मला वाटलं, वीज गेली. तेवढ्यात काळोखातून आवाज आला, "राम राम सर. बोलायला दिवा कावून लागतोय?"

मी म्हणालो, "कोण आलंय ते तरी दिसावं."

"आवाज वळखला न्हवं? मग झालं की."

आता मला सवय झाली आहे. आमची बरीचशी मैत्री अंधारातच वाढली.

नाना आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. मूळचे शिरूर कासारकडचे, पण हयात तहसील कचेरीत गेली आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊन ते अंबाजोगाईत स्थिरावले. निवृत्त झाल्यावर माणसं कचेरी सोडतात. नाना येताना ती बरोबर घेऊन आले. दिवेलागणीनंतर त्यांच्या मधल्या खोलीत घराची बैठक बसते. ज्याला जे हवं असेल त्यानं ते तोंडी मांडायचं. नाना डोळे मिटून ऐकतात आणि निर्णय देतात. "तत्त्वतः मंजूर" याचा अर्थ होणार नाही. "बाब विचाराधीन हाय" याचा अर्थ होणार नाही आणि पुन्हा विचारूही नका. नुसतं "मंजूर" हा शब्द गोदाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, एकदाच ऐकला आहे. नात झाली तेव्हा बारशाच्या पेढ्यांसाठी.

"हे तत्त्वतः मंजूर करतेत अन् मी तत्त्वतः सैपाक करते," काकू म्हणतात. "ताटात दोनीबी दिसत न्हाईत."

आमच्या गावात नळाला पाणी आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा. त्यामुळे पाणी आम्ही सगळेच जपून वापरतो. पण नानांच्या घरातलं पाणी निवृत्तच होत नाही, त्याची फक्त बदली होते. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीकडे रुजू होतं, भाजीचं फरशीकडे आणि फरशीचं लिंबाच्या झाडाकडे. लिंबू मात्र चांगलं धरतं, हे मान्य केलं पाहिजे.

फ्लेक्सच्या बाबतीत तर त्यांनी लोकशाहीचा खरा उपयोग करून दाखवला आहे. आपल्या जिल्ह्यात कुणाचा वाढदिवस झाला, निवड झाली, नुसतं कुणी मुंबईला जाऊन आलं, तरी चौकात फ्लेक्स लागतो. चार दिवसांनी तो वाऱ्यानं लोंबू लागला की नाना रीतसर विचारून घरी आणतात. न्हाणीघराच्या पत्र्यावर एक माजी पदाधिकारी पसरलेले आहेत. काकूंचे सांडगे एका भावी नेतृत्वाच्या कपाळावर वाळतात. कुठल्याही नेत्याचा जनतेला इतका प्रत्यक्ष लाभ झालेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

एकदा आम्ही एका लग्नासाठी बीडला निघालो होतो. मांजरसुंब्याला ढाब्यावर जीप थांबली. नानांनी घरून आणलेली धपाटी काढली आणि चौघांत मिळून शेवभाजीची एकच प्लेट मागवली. रस्सा संपला की ते पोऱ्याला हाक मारत. रस्सा मागून घेतला तर त्याचे पैसे पडत नाहीत, हा आपल्याकडचा जुना रिवाज. चौथ्यांदा मालक स्वतः भांडं घेऊन आला.

"काका, आता पातेलंच इथं आणून ठिवू का?"

"ठिवा," नाना शांतपणे म्हणाले, "तुमच्या पोराची चक्कर वाचंल."

हे सगळं हसण्यावारी जात होतं. भांडण व्हायचं ते पंख्यावरून.

नानांच्या घराचा कायदा असा की दिवस मावळल्यावर घरात एकच दिवा आणि एकच पंखा. दोन्ही मधल्या खोलीत. मग घरातली पाचही माणसं त्या खोलीत. काकू शेंगा फोडायच्या, मुलगा संतोष मेडिकल दुकानातून येऊन भिंतीला टेकायचा, सून वैशाली ब्लाउजला हूक लावत बसायची आणि नववीतली गौरी पुस्तक उघडायची. त्यांचं बोलणं भिंतीवरून आमच्याकडे यायचं. आमच्या घरात टीव्ही असून आम्ही पुष्कळदा तेच ऐकत असू.

"गौरे, भूगोलात आपल्या जिल्ह्याचं पर्जन्यमान काय दिलंय?"

"परीक्षेला न्हाई ते, नाना."

"परीक्षेला न्हाई अन् आभाळातबी न्हाई. लिही, निरंक."

वैशालीचं माहेर लातूरचं. तिथे खोलीगणिक पंखे, आणि ते फिरतातसुद्धा. इथे तिच्या खोलीतला पंखा, तिच्याच शब्दांत, "लग्नात आल्याला आहेर, नुसता बघायचा." या उन्हाळ्यात मे महिना असा तापला की तिचा धीर सुटला. दिवसभर शिलाई मशीनवर बसून पाठ धरलेली असायची. संध्याकाळी घटकाभर आपल्या खोलीत वाऱ्याला पडावं, एवढंच तिचं मागणं. बैठकीत ते तत्त्वतः मंजूर झालं. दुसऱ्या दिवशी संतोष रिंग रोडला दोन खोल्या बघून आला.

काकू आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी दिवा बंद केला नाही. दारातच बसल्या.

"सर, पोरगं येगळं निघतंय. एका पंख्यापायी घर मोडायला लागलंय. तुमचं ऐकतेत ते, तुमी तरी सांगा."

नाना माझं ऐकतात हे खरं. ऐकून घेतात. मी त्यांना म्हणालो, "नाना, पंख्याला असा किती खर्च येणार? त्यापेक्षा नव्या खोल्यांचं भाडं, दोन गॅस, दोन दुधं, याचा हिशेब करा." मला वाटलं, हिशेबाच्या माणसाला हिशेबानंच गाठावं. पण नानांनी हिशेब केलाच नाही. त्यांनी मलाच विचारलं, "येगळ्या येगळ्या खोलीत बसून माणसं करतेत तरी काय, सर?"

हट्टाला तत्त्व म्हणण्याची सोय माणसानं फार पूर्वीच करून ठेवली आहे, असं माझं मत. त्या दिवशी मी नानांना त्याच खात्यात टाकलं आणि उठलो.

त्यानंतर चारआठ दिवस नाना फाईल बगलेत धरून हिंडताना दिसले. घराच्या छतावर सौर पॅनेल बसवायला सरकारचं अनुदान मिळतं, हे त्यांनी कुठून तरी काढलं होतं. अनुदान म्हटल्यावर कचेरीतला जुना वाघ जागा झाला. कोणत्या टेबलावर कागद अडतो आणि तो कुठल्या शब्दानं सुटतो, हे त्यांना पाठ होतं. पण अनुदान वजा केलं तरी उरलेली रक्कम थोडी नव्हती. त्यासाठी त्यांनी आपली मुदत ठेव मोडली. ज्या माणसानं चहाची पत्ती एकदाच उकळून कधी टाकली नाही, त्यानं.

मी काकूंना विचारलं, "हे कसं काय?"

"काल मला म्हनले, घर मोडण्यापरीस ठेव मोडल्याली बरी."

पॅनेल बसली. प्रभागातले एक भाऊ नारळ फोडायला आले. त्यांचा पॅनेलशी काही संबंध नव्हता, पण नारळ त्यांच्या गाडीत कायमच असतो. ते 'सौरक्रांती' या शब्दावर बरंच बोलले. नानांनी त्यांना अर्धा कप चहा दिला आणि त्यांचा फ्लेक्स मागून घेतला.

पहिलं बिल आलं ते जवळजवळ कोरंच. नाना ते घेऊन गल्लीत दहा घरं फिरले. त्या संध्याकाळी बैठकीत त्यांनी उभं राहून जाहीर केलं, "आजपास्नं सर्वांनी आपापल्या खोलीत पंखा लावण्यास हरकत न्हाई."

वैशालीनं त्यांच्या पाया पडून डोळ्याला पदर लावला. रिंग रोडच्या खोल्या रद्द झाल्या. "नाना, तुमी लई भारी हायत," गौरी म्हणाली, आणि पुस्तक उचलून आपल्या खोलीत गेली. मग वैशाली गेली. संतोष आळस देत तिच्या मागोमाग गेला. काकूंनी शेंगांचं सूप उचललं, म्हणाल्या, "आत मालिका लागल्याली आसंल," आणि त्याही गेल्या. घर वाचलं. सगळी एका छपराखाली राहिली. एका छपराखाली तीन पंखे फिरू लागले.

चौथा मधल्या खोलीत, नानांच्या डोक्यावर.

भिंतीवरून येणारं बोलणं थांबलं. आम्ही पुन्हा टीव्ही बघू लागलो. एकदा संध्याकाळी मी त्यांच्याकडे डोकावलो तर नाना एकटेच खुर्चीत, समोर रिकामी फरशी. मी विचारलं, "आज बैठक नाही?"

"कोरम न्हाई," ते म्हणाले. "तहकूब."

मी हसलो. ते हसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी सोसाट्याचं वारं सुटलं. कुठेतरी कडुलिंबाची फांदी तारांवर पडली आणि सगळ्या गल्लीची वीज गेली. तुमची तरी आहे का, हे बघायला मी नानांकडे गेलो. छतावर एवढी पॅनेल, यांना काय काळजी! पण त्यांच्याकडेही अंधार. बाहेरची वीज गेली की असलं पॅनेलही आपोआप बंद पडतं, हे बसवणाऱ्यानं सांगितलं होतं म्हणे. ऐकलं फक्त नानांनी होतं.

"एवढं लाखभर घालून आंधारातच बसायचं व्हय?" वैशाली कपाळाचा घाम पुसत बाहेर आली. खोल्या भट्टीसारख्या झाल्या होत्या. एकेक करून सगळे मधल्या खोलीत जमले, कारण तिला समोरासमोर दोन दारं आहेत आणि वाऱ्याची झुळूक तिथूनच जाते. काकूंनी मेणबत्ती लावली. मलाही बसा म्हणाले.

"नाना, तुमच्या लहानपणी तर लाईटच न्हवती," गौरी म्हणाली. "मग संध्याकाळी काय करायचे तुमी?"

नाना नेहमीसारखं काहीतरी कचेरीतलं बोलतील असं मला वाटलं.

"आई-बाप दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, कारखान्यावर. मला शाळंसाठी चुलत्याकडं ठिवून जायचे. ते एकदम पाडव्याच्या पुढं माघारी यायचे. आले की घरात एकच चिमणी आसायची. तिच्याभवती आई, बाप, आमी भावंडं, सगळे. चिमणी इझस्तवर कुनीच उठायचं न्हाई."

"म्हंजी राकेल वाचवायसाठी एकच चिमणी?"

"छ्या," नाना म्हणाले. "राकेल लई जाळायचो आमी."

संतोषनं मेणबत्तीची वात चिमटीनं सरळ केली. काकू दुसरीकडेच बघत म्हणाल्या, "ही गोष्ट मलाबी ठावं न्हवती." वीज परत यायला बराच वेळ लागला. ती आली तेव्हा लगेच कुणी उठलं नाही. पण थोड्या वेळानं उठले. उकडत होतं.

दुसऱ्या दिवशी वैशालीच्या भावाचा लातूरहून फोन आला. त्याचं बॅटरीचं दुकान आहे. बहिणीच्या घरी अंधार झाला हे त्याला सहन झालं नव्हतं. बॅटरीसकट इन्व्हर्टर बसवून देतो, म्हणाला, बहिणीला भेट म्हणून. नानांनी एक पैसा द्यायचा नाही.

फुकट. हा शब्द नानांच्या घरात मंत्रासारखा आहे. वैशालीनं बैठकीची वाटसुद्धा पाहिली नाही. अंगणातच सांगून टाकलं. मी तिथंच काकूंकडून लिंबं घेत होतो.

"नामंजूर," नाना म्हणाले.

तत्त्वतः नाही, विचाराधीन नाही. सरळ नामंजूर. काकूंच्या हातातलं लिंबू खाली पडलं.

"आवो फुकट देतोय त्यो!"

"त्या बॅटरीला पाणी घालावं लागतंय. हितं माणसाला आठ दिसाला पाणी मिळतंय, ते का बॅटरीला पाजू? परत तिचा वास येतो. ॲसिड सांडलं तर फरशी जाती. नको."

"ह्यांचा सोभाव मेल्यावरच जाईल," असं पुटपुटत वैशाली आत गेली. काकू तिच्यामागे गेल्या, पण दारातून एकदा वळून त्यांनी नवऱ्याकडे नीट बघितलं.

अंगणात आम्ही दोघंच उरलो. मी म्हणालो, "नाना, आता पाणी न लागणाऱ्या बॅटऱ्याही मिळतात."

"ठावं हाय मला," नाना म्हणाले. आवाज हळू होता. "कुनाला सांगू नका."

पश्चिमेकडून आभाळ भरून येत होतं. बालाघाटाच्या अंगाला एकदोनदा चमकलं. नाना मान वर करून पुष्कळ वेळ बघत राहिले.

"काय वाटतंय सर? आज जाईल का लाईट?"

आजवर कुणी मला हा प्रश्न आशेनं विचारला नव्हता.

"वारा सुटला तर जाईल," मी म्हणालो.

ते बरं म्हणाले आणि आत गेले. मी लिंबं घेऊन वळलो तर त्यांच्या उघड्या दारातून मधली खोली दिसत होती. नाना गुडघ्यावर बसून मोठी सतरंजी अंथरत होते, कोपरे ओढून, पाच माणसं ऐसपैस बसतील अशी. आतल्या खोल्यांतून तिन्ही पंख्यांचा आवाज येत होता. वीज अजून गेलेली नव्हती.