दर मिनिटाला मयत

नोंदणी कार्यालयाच्या संगणकावर आजोबा दहा वाजता जिवंत झाले आणि दहा वाजून एक मिनिटाने पुन्हा मयत झाले. कारकुनाने नोंद सात वेळा दुरुस्त केली, आजोबा सातही वेळा वारले. उद्या त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि मयत इसमाला टेबलावर घेणं रुग्णालयाच्या नियमात बसत नव्हतं.

शेवटी प्रोग्रामरबाईंना पाचारण झालं. बाईंनी आत डोकावून कपाळावर हात मारला. फुलीवर क्लिक केलं की विंडो बंद होतच नव्हती, नुसती लपत होती! सोमवारी आजोबांना चुकून मयत दाखवणारी विंडो कारकुनाने बंद केली खरी, पण ती आत बसून दर मिनिटाला इमानेइतबारे तीच नोंद सेव्ह करत होती. आणि संगणक कधीही बंद करू नये, असं परिपत्रक होतं.

"दोन ओळींचं काम आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "विंडो बंद होताना तिचं सेव्ह थांबवायचं आणि तिला मेमरीतून काढून टाकायचं."

"काढून टाकायचं?" साहेबांचा चहा घशातच अडकला. "आणि उद्या कुणी मागितली तर? जबाबदार कोण?"

बैठक बसली. ठरलं, की विंडो बंद करण्यापूर्वी 'नक्की का?' विचारणारी एक विंडो यावी, मग कारण विचारणारी, मग साहेबांची संमती घेणारी. खबरदारी म्हणून तिघींनीही आजोबांची जुनी नोंद सेव्ह करत राहावी. बंद होण्याची पद्धत अर्थातच जुनी. दुपारपर्यंत आजोबा मिनिटाला चारदा मरू लागले.

"पोरी, खरं सांग, मी गेलोय का गं?" सकाळपासून काउंटरपाशी बसलेल्या आजोबांनी हळूच विचारलं.

बाईंना भरून आलं. गेली परवानगी खड्ड्यात, म्हणत त्यांनी दोन ओळी लिहिल्या. "साहेब, या लागू व्हायला प्रोग्राम तेवढा बंद करून पुन्हा चालू करू द्या. दहा मिनिटं काउंटर थांबेल, बस्स."

साहेब विरघळले होते. "करा," म्हणणारच होते, एवढ्यात रांगेतून आवाज आला, "अहो, एका मेलेल्या माणसासाठी आम्ही किती खोळंबायचं?"

रांगेने माना डोलावल्या. जनतेची गैरसोय नको, म्हणून साहेबांनी काम स्थगित केलं. आजोबा काठी टेकत निघून गेले.

रांग पुढे सरकली. तिसरा नंबर तुमचा होता. मान तुम्हीही डोलावलीत.