बादलीवाल्याचा रंग

आमच्या घरात रंगाच्या बाबतीत मला मत नाही. (बाकी बाबतीतही नाही, पण ते आम्ही चारचौघांत सांगत नाही.) बायको टेबलावर मांडून खेळायच्या लढाईतले बोटभर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक रंगवते. त्या दिवशी संध्याकाळी तिची स्पर्धा होती. ती आंघोळीला गेली आणि मी सहज तिच्या पेटीत डोकावलो.

एकाहून एक देखणे वीर! आणि कोपऱ्यात एक बादलीवाला. डोक्यावर रंग विरळ, नाकावर नको तितका, डोळे दोन दिशांना, तोंड उघडं. या एका ध्यानापायी हिचा नंबर जाणार, या विचारानं माझा जीव कासावीस झाला. म्हटलं, जुना रंग काढून नवा देऊ. तेवढाच तिला सुखद धक्का!

तिचं बघून बघून कृती पाठ होती. रंग काढायच्या द्रावणात बादलीवाला बुडवला, जरा मुरू दिला, जुन्या टूथब्रशनं घासला. आयुष्यात पहिल्यांदाच एखादं काम माझ्या हातून बिनचूक झालं. नाक गेलं, डोळे गेले, हातात स्वच्छ करडं प्लास्टिक उरलं.

तेवढ्यात आई आली आणि चष्मा सावरत पेटीपाशी बसली.

"ही घोड्यावरची मी," ती कौतुकानं म्हणाली. "झेंडेवाला तुझा मेहुणा. तलवारवाली सूनबाई स्वतः. घरातला एकेक माणूस हुबेहूब उतरवलाय पोरीनं! पण अरे, तू कुठं गेलास?"

"मी इथंच आहे की."

"तू नव्हे रे. बादलीवाला तू."

माझ्या पायांखालची जमीन सरकली. न्हाणीघरातला पाण्याचा आवाज थांबला. मी घाईघाईनं रंगाचा ब्रश उचलला आणि त्या करड्या माणसाच्या हनुवटीवर भुवई फुटली. कडी वाजली.

"अहो, माझा बादलीवाला कुठंय?"

"स्वच्छ केला," मी म्हणालो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती स्टुलावर बसली. "तुम्ही दुपारी घोरायला लागलात की उशाशी बसून रंगवलेला हो तो," म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "एक सैनिक कमी म्हणजे अख्खी तुकडी बाद."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिनं डोळे पुसले. "बसा त्या दिव्याखाली. हलू नका. तोंड उघडं ठेवा." (ते मुद्दाम ठेवावं लागलं नाही.) ओल्या केसांनीच ती रंगवत राहिली. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होतो.

स्पर्धेत परीक्षकांनी भिंग लावून तुकडी पाहिली. "अप्रतिम! फक्त हा बादलीवाला घाईत केलेला दिसतो. माणसाचा चेहरा असा कुठं असतो का? गुण कापावे लागतील."

बायकोचा चेहरा पडला. तिनं माझी बाही धरून मला पुढं ओढलं.

परीक्षकांनी भिंगातून बादलीवाल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बादलीवाल्याकडे पाहिलं. मग मुकाट्यानं कापलेले गुण परत दिले.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "तुम्ही तर बरंच सांभाळून घेतलंय."