बाबांचे घेणेकरी कोर्टात

वकील लावायची मुळीच गरज नाही, असं मी घरात जाहीर करून टाकलं. इंग्लंडातल्या आमच्या ग्रिम्सबी गावच्या वाचनालयात बसून दोन दुपारींत मी सगळा कायदा संपवला होता!

प्रकरण साधं होतं. बाबांनी परसात काचेची खोली बांधून घेतली. ती अशी गळायची, की बाहेर पाऊस थांबला तरी आत चालूच! बाबांनी उरलेले पैसे दिले नाहीत. खोली बांधणाऱ्या कंपनीनं कोर्टातून घरावर बोजा चढवायचा तात्पुरता हुकूम आणला. तो कायम झाला, की उद्या घर विकायला लावायलाही त्यांना वाट मोकळी. तेव्हापासून आई स्वयंपाकघराकडे असं बघायची, जणू ते गाडी पकडायला निघालंय.

"कायद्यात पळवाट आहे," मी म्हणालो. "एकट्या कंपनीचा बोजा चढला, तर बाकीच्या घेणेकऱ्यांवर अन्याय होतो. तेवढं कोर्टाला दाखवायचं!"

"पण मला दुसरे घेणेकरी नाहीतच," आईकडे बघत बाबा म्हणाले.

"काळजी नको. मी शोधतो."

बाबांचं नाव घालून पबमध्ये मी चिठ्ठी लावली : 'क्लाइव्ह स्टेनफर्थकडून येणं असलेल्यांनी मंगळवारी सकाळी कोर्टात यावं. चहा मिळेल.'

मंगळवारी बघतो तर काय! पबवाली डोरीन, खिडक्या पुसणारा लेन, कबुतर-शर्यत मंडळाचे खजिनदार... आणि माझा सख्खा गॉर्डनमामा!

"गॉर्डन, तू?" आई ओरडली.

"माझ्याकडून घेतलेल्या कॅरव्हॅनचे पैसे राहिलेत, ताई."

"कसली कॅरव्हॅन?"

बाबा कोर्टाच्या छताची बारकाईनं पाहणी करू लागले.

मंडळी दाराशी आपोआप रांगेत उभी राहिली. आता, आमच्याकडे रांग दिसली की कशाची म्हणून कुणी विचारत नाही. उभं राहायचं! दंड भरायला आलेले मागे लागले, घटस्फोटवाले लागले, स्वच्छतागृह शोधणारी एक बाईसुद्धा लागली. रांगेचं शेपूट जिना उतरून फुटपाथवर पोचलं.

आमचा पुकारा झाला. आम्ही आत गेलो.

"कंपनीचे वकील?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

शिपायानं दोनदा हाक मारली. कुणी येईना. बाईंनी घड्याळ पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा घड्याळ पाहिलं.

"अर्ज फेटाळला!"

मला एक वाक्यही बोलावं लागलं नाही. इतकं प्रभावी वकिलीकाम मी आजवर पाहिलेलं नाही!

बाहेर फुटपाथवर, डोक्यावर फाईल धरून, कंपनीचे वकीलसाहेब रिमझिमीत उभे होते.

"अहो, आत का नाही आलात?"

"पुढे एवढी माणसं होती," ते दुखावून म्हणाले. "मधेच घुसू?"

"सभ्य माणूस!" म्हणत बाबांनी त्यांच्याशी हात मिळवला.

डोरीननं मला बाजूला घेतलं. "पोरा, म्हणजे आता घरावर कुणाचाच बोजा नाही?"

"एका पेनीचाही नाही!"

"अगदी कोरं घर?"

"कोरं करकरीत!"

"मग तो बोजा चढवायला काय काय करावं लागतं रे?"

बाबा मागून हातवारे करत होते. पण कुणी नीट विचारलं तर नीट सांगावं, असं आमच्या घरचं वळण. आधी दावा लावायचा, तो जिंकायचा, मग बोज्याचा अर्ज, सगळं मी उदाहरणांसकट समजावलं. अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा तेही दाखवलं.

दावा लावायला खिडकीशी सगळ्यांत आधी पोचली ती आई.