चटणीला मिशी

संयूला सोमवारी सहावीच्या वर्गात मिश्रण वेगळं करून दाखवायचं होतं, आणि रविवारी सकाळी तिच्या आईच्या, दीप्तीच्या लक्षात आलं की स्वयंपाकाच्या कट्ट्यावर ठेवलेली वाटी रिकामी आहे.

"संयू, ह्या वाटीत काय होतं गं?"

"माझं मिश्रण," तोंडातला ब्रश न काढता संयू म्हणाली. "लोखंडाचा कीस आणि चटणी."

"चटणी कशाला?"

"सगळी पोरं वाळू आणणार मम्मी. वाळूत काळं काय दिसतंय? चटणी लाल असते. शेवटच्या बाकावरनं पण दिसणार."

कीस संयूच्या पप्पांनी, ऋतुराजनं, उद्यमनगरातल्या आपल्या वर्कशॉपमधल्या लेथवरून पुडी बांधून आणला होता. चटणी घरचीच. वर्षभराची कांदा-लसूण चटणी कालच डंकावरून, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीतून, कुटून आणली होती आणि हॉलमध्ये भल्यामोठ्या परातीत ती गार होत पडली होती. प्रश्न एवढाच होता, की वाटीतलं गेलं कुठं?

उत्तर इस्त्रीची साडी नेसून, हातात पिशवी घेऊन आतून आलं. मीनाबाई, दीप्तीच्या सासूबाई.

"त्या वाटीतली चटणी मी परातीत टाकली गं. अशी उघडी टाकत्यात व्हय? आणि कोपरापर्यंत हात घालून सगळी खालवर केली. मीठ कसं सगळीकडं सारखं बसाय पायजे. मी हुपरीला बहिणीकडं जाऊन येतो. आलो की बरण्या भरू. वर्षाराणीची बरणी उद्याच्या गाडीनं पुण्याला जायची हाय."

"आई, ती वाटी..." दीप्ती म्हणाली.

"घासून ठेव," सासूबाई म्हणाल्या आणि चपला घालून गेल्यासुद्धा.

दीप्ती परातीशेजारी खालीच बसली. लग्न झाल्यापासून चटणीच्या कामात तिला फक्त लसूण सोलायची परवानगी होती. यंदा पहिल्यांदाच सासूबाईंनी मिरची निवडण्यापासून डंकावर राखणीला बसण्यापर्यंत सगळं तिच्यावर सोपवलं होतं. आपली मिरची दुसऱ्याच्या पोत्यात जाऊ नये म्हणून ती तिथं डोळ्यांत तिखट जाईपर्यंत पापणी न लववता बसली होती. त्यावर नणंद वर्षाराणी पुण्याहून फोनवर म्हणाली होती, "वैनी कॉलेज शिकल्यात आई, चटणी कुठं शिकल्यात?" आता ही चटणी बिघडली म्हटल्यावर पुढच्या वर्षी परत लसूण. आणि बिघडवली कुणी? खुद्द सासूबाईंनी. हे त्यांना सांगायचं कुणी? त्यापेक्षा चटणीतून लोखंड काढणं सोपं.

तिनं ऋतुराजला फोन लावला. तो सकाळीच मित्रांच्या घोळक्यात गेला होता.

"चाळून घे की," तो म्हणाला.

"चाळलं. कीस चटणीपेक्षा बारीक आहे. दोन्ही खाली पडतंय."

"असं कर," तो म्हणाला, "आईला सांगू नको. आणि मी सांगू नको म्हणालो, हे पण सांगू नको."

"मम्मी, सरक," संयू म्हणाली.

तिनं बिघडलेल्या स्पीकरमधलं वाटोळं चुंबक आणलं होतं. ते तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं. पिशवी कशाला, तर नंतर चुंबक बाहेर ओढलं की चिकटलेलं सगळं आपोआप गळून पडतं. हे बाई वर्गात म्हणतात त्याच सुरात तिनं सांगितलं आणि वर विचारलं, "समजलं का?"

"समजलं," दीप्ती म्हणाली.

"मग हात लावू नको. नुसतं बघ."

संयूनं चुंबक चटणीवरून हळूच फिरवलं. आधी काहीच झालं नाही. मग त्या लालभडक ढिगातून एक काळा कण उठला, उभा राहिला, आणि उडी मारून पिशवीला बिलगला. त्याच्यामागं दुसरा. मग कुणी हाक मारल्यासारखे शेकड्यांनी निघाले. बघता बघता चुंबकाला राठ, काळी, टोकं ताठ केलेली मिशी फुटली. संयूनं हात वळवला, तशी सगळी मिशी एकदम त्या दिशेला वळली.

दीप्तीचं तोंड उघडंच राहिलं. मिश्रण वेगळं करण्याच्या पद्धती तिनंही शाळेत लिहिल्या होत्या, आकृतीसकट, पैकीच्या पैकी गुण घेऊन. पण हे असं होतं हे तिला कुणीच दाखवलं नव्हतं.

"परत कर," ती पुटपुटली.

मिशीला चटणीही चिकटून येत होती. ती उडवायला दीप्तीनं फुंकर मारली आणि पुढची काही मिनिटं दोघी शिंकत, रडत घरभर फिरल्या. मग संयूनं पातेलं भरून पाणी आणलं. मिशी पाण्यात सोडली की चटणी वर तरंगायची, लोखंड तळाला बसायचं. वरचं पाणी ओतून दिलं की तळाशी नुसतं काळं उरायचं. ते वाटीत काढायचं आणि परत परातीकडं वळायचं. दीप्तीचा जीव भांड्यात पडेना. एक कण जरी राहिला आणि पोरीच्या पोटात गेला तर? ती प्रत्येक वेळी म्हणायची, "अजून एकदा." आणि प्रत्येक वेळी मिशी यायचीच.

दुपारी वाटी भरत आली तेव्हा संयूनं चुंबक खाली ठेवलं.

"मम्मी, मी एवढं घातलंच नव्हतं."

"म्हणजे? किती घातलं होतंस?"

"चहाचा एक चमचा." तिनं पुडी आणून दाखवली. पुडी जवळजवळ जशीच्या तशी होती.

दोघींनी वाटीकडं पाहिलं. मग परातीकडं. चटणी गप्प होती. तेवढ्यात दार वाजलं.

"बस लगीच घावली," म्हणत सासूबाई आत आल्या आणि थबकल्या. हॉलभर चादर, चादरीवर वर्षभराची चटणी, तांबड्या पाण्याची पातेली, आणि नाक लाल झालेल्या दोघी. "ह्ये काय? चटणीला आंघोळ घालालाय व्हय?"

दीप्ती उभी राहिली. "आई, रागावू नका. त्या वाटीत संयूनं शाळेसाठी लोखंड मिसळलं होतं. ते तुम्ही, म्हणजे ते आपल्याकडून परातीत गेलं."

सासूबाईंचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. "संयू, ह्याला मिशा कशानं आल्यात?"

"चुंबक हाय आज्जी. लोखंडाला वडतंय."

"आण हिकडं."

साडीची घडी न मोडता त्या खाली बसल्या. चुंबक चटणीवर धरलं. एक कण उठला. सासूबाईंनी हात मागं घेतला, पुन्हा पुढं केला. कणांची रांग त्यांच्या हाताखाली चालायला लागली.

"आगं बया," त्या कुजबुजल्या. "जित्तं हाय की गं ह्ये!"

संयूनं पुडी आणि भरलेली वाटी त्यांच्यासमोर ठेवली. सासूबाईंनी दोन्हींकडं पाहून थोडा विचार केला. "मागल्या वर्षीची बरणी आण."

मागच्या वर्षीच्या चटणीत कुणी काही मिसळलेलं नव्हतं. ती ताटात पसरली, वरून चुंबक फिरवलं आणि मिशी आली. तितकीच राठ, तितकीच काळी.

"डंकाचं मुसळ लोखंडाचं असतं ना," संयू हळूच म्हणाली. "दिवसभर धाडधाड आपटतं. झिजून कुठं जाणार?"

दीप्तीला आठवलं ते संयूच्या ताटातलं चटणी-भाकरीचं पहिलं जेवण. सासूबाईंना बहुतेक त्याच्या आधीची सगळीच जेवणं आठवत असावीत.

"तरीच," त्या म्हणाल्या, "आमच्या घरात कुणाला कधी रक्तवाढीची गोळी लागली न्हाय." मग जीभ गालात फिरवून म्हणाल्या, "दाढा तेवढ्या सगळ्यांच्या गेल्या."

त्यानंतर अंधार पडेपर्यंत त्यांनी चुंबक कुणाच्या हातात दिलं नाही. शेवटी मिशी यायची थांबली, तेव्हा कुठं बरण्या भरल्या. सोमवारी संयू मागच्या वर्षीची चटणी तशीच घेऊन शाळेत गेली. "बाईंनी त्यांचा स्वतःचा डबा उघडून त्यातली चटणी बघितली," एवढंच तिनं घरी येऊन सांगितलं.

आठवडाभरानं वर्षाराणीचा पुण्याहून फोन आला. सासूबाई वाटाणे सोलत होत्या, म्हणून फोन स्पीकरवर होता. दीप्ती शेजारीच होती.

"आई, यंदा चटणीला ती चव न्हाय. दाताखाली काय लागतच न्हाय. वैनींच्या हातात दिलीस न्हवं? त्यांनी कायतरी कमी घातलं असणार बघ."

दीप्तीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. "घातलंय की कमी."

"बघ! मी म्हणालो नव्हतो? काय कमी घातलंय?"

"लोखंड."

"काय?"

"मागल्या वर्षीची तुझ्याकडं शिल्लक असंल. ताटात पसर. पोराच्या खेळण्यातलं चुंबक घे, आणि फिरीव त्याच्यावरनं. फोन ठेवू नको. मी हाय हितंच."

सासूबाईंनी दीप्तीपुढं शेंगांचा आणखी एक ढीग सरकवला आणि दोघी ऐकत राहिल्या. पुण्यात डबा उघडल्याचा आवाज झाला. ताट वाजलं. मग काहीच नाही.

आणि मग, अगदी लहान मुलीसारखा आवाज आला, "आई गंऽऽ... आई, वैनींना जरा फोन दे."