सोमेश्वरचा वाक्यात उपयोग

राग येतो तो याचाच, की सल्ला माझा होता.

आमच्या मंडळींना, म्हणजे दैवशालेला, मंठ्याच्या एका इंग्रजी शाळेत नोकरीसाठी नमुना पाठ द्यायचा होता. विषय इंग्रजी वाक्प्रचार. बीएड करून ती तीन वर्षं घरी बसलेली. ही संधी हुकली तर पुन्हा कोण बोलावतंय? आठवडाभर ती गाईडमधली वाक्यं घोकत होती. त्यातला तो जॉन रोज नव्या संकटात! शेवटी मी (सरकारी कारकून, इंग्रजी फक्त सहीपुरतं) खेकसलो, "जॉन फेकून दे! घरातली उदाहरणं घे, पोरायला बराबर समजंल."

घरात उदाहरण म्हणून मी एकटाच आहे, हे तेव्हा सुचलं नाही.

पाठाच्या दिवशी तिला गाडीवर सोडून मी व्हरांड्यात बसलो. आतून खणखणीत आवाज आला, "हिट द रूफ. अर्थ, भयंकर संतापणे. वाक्यात उपयोग : चहात साखर कमी पडली की सोमेश्वर हिट्स द रूफ."

पोरं खिदळली. नऊ वर्षांच्या संसारात या बाईनं उखाण्याखेरीज माझं नाव घेतलं नव्हतं! तरी मी मनाची समजूत घातली. (मंठ्यात दुसरे सोमेश्वर नाहीत काय?)

"ऑल टॉक अँड नो ॲक्शन. अर्थ, नुसत्या बाता. सोमेश्वर चार महिन्यांपासून नळ दुरुस्त करणार आहे."

मी उठून उभा राहिलो.

"मेक अ माउंटन आउट ऑफ अ मोलहिल. अर्थ, राईचा पर्वत करणे. सोमेश्वरच्या पायात काटा रुतला, तर त्यानं परतूरहून बहिणीला बोलावून घेतलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाडकन दार ढकलून मी आत घुसलो. "काटा बाभळीचा व्हता! अन् नळाचं वायसर मिळून न्हाई राह्यलं! अन् मी कुठं चिडतो? सांग, कधी चिडलो मी?" टेबलावर अशी मूठ आपटली, की डस्टर उडून पडलं.

दैवशाला जागची हलली नाही. "मुलांनो, हा कोणता?"

"हिट द रूफ!" वर्ग एका सुरात ओरडला.

तेव्हा मला मागच्या बाकावर संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब दिसले. हातात पेन, कपाळावर आठ्या. संपलं! बायकोची नोकरी मी माझ्या हातानं घालवली होती. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

काकासाहेब सावकाश उठले. "बाई, बाकीचे उमेदवार तक्ते घेऊन आल्ते, चित्रं घेऊन आल्ते. पण असं शैक्षणिक साहित्य आजवर कुणी न्हाई आणलं." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सोमवारपासून रुजू व्हा. अन् येताना हे साहित्य सोबत आणा."