रीमावहिनीचं चीज

"मॅडम, पोटुशी बाईने मऊ चीज खाल्लं तर चालतं का?"

विचारून झालं आणि दिशाचे कान तापले. वर्गातल्या मैत्रिणी स्नेहा आणि सोनी यांनी पैजच घातली होती, शाळेत आलेल्या डॉक्टरमॅडमना सगळ्या दहावीसमोर हे विचारून दाखव म्हणून. वर्ग खिदळला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. कच्च्या दुधाचं तर नकोच, आणि वरून पांढऱ्या बुरशीची साल असलेलं मऊ चीज पाश्चराइज्ड दुधाचं असलं तरी वाफाळेपर्यंत शिजवल्याशिवाय नको, त्यातले जंतू बाळापर्यंत पोचू शकतात, असं त्यांनी नीट समजावलं. वर म्हणाल्या, "फार कामाचा प्रश्न विचारलास." दिशा घरी आली ती चार बोटं उंच होऊनच.

घरात रीमावहिनीचं डोहाळजेवण रंगलं होतं. भिवंडीत कोल्ड स्टोरेजच्या गोदामात ड्युटी करणाऱ्या भूपेशदादाने बायकोचा डोहाळा म्हणून नेमकं तसलंच, पांढऱ्या सालीचं चीज विकत आणलं होतं. वहिनीने तुकडा उचलला आणि दिशाने ताटच ओढलं.

"भरल्या ओटीच्या बाईचं ताट ओढतेस?" अंबाडीहून आलेली राहीआत्या कडाडली. "डोहाळा राहिला तर पोराचे कान फुटतात, ठाव हाय ना?"

"कान फुटले तर औषध हाय, आत्या. हे जंतू पोटातल्या बाळालाच धरतात. शिजवून दे, मग खाऊ दे."

"एवढं ठासून सांगतेय, तर शिजवू की," आई म्हणाली.

आत्याने मोहरी-मिरचीची फोडणी दिली. चीज वितळलं, वाफ आली. पण पुरतं शिजलं का, हे ठरवणार कोण? आत्याने भाकरीचा तुकडा बुडवला. "मधे कच्चं लागतंय."

"हिकडं शिजलंय," कमळकाकीने दुसऱ्या बाजूने चाखून बघितलं. "तिकडचं परत बघा."

शेजारच्या आनंदीबाई तर स्वतःची भाकरी घेऊन आल्या. बाळाच्या जिवाचा प्रश्न, कोण मागे राहणार? चीज शिजलं यावर सगळ्यांचं एकमत झालं तेव्हा कढई घासल्यासारखी लख्ख होती. वहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"फुटले आता कान," आत्या बोटं चाटत म्हणाली. "सगळं हिच्यापायी."

दिशाने शाळेच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"आई, बाबा, ऐका. दादा उद्या दुसरं चीज आणेल. पाकिटावरचं मी वाचणार, शिजवणार पण मीच. वाफ डोळ्यांनी दिसते, चाखायला कोणी यायचं न्हाय. आणि आत्याचा उद्या उपास हाय, मी ठरवलंय."