वानखेड्यांच्या पंगती

आमचे वानखेडे ऑफिसात कचऱ्याच्या पंगती बसवतात. खरंच! जिन्याखाली सेलांचा डबा वेगळा, वायरींचा वेगळा, ट्यूबलाइटींना उभं खोकं. एकदा मी संपलेला सेल ट्यूबच्या खोक्यात टाकला, तर अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असे गरजले, "ट्यूबमध्ये पारा असते जी! तिच्या मांडीला मांडी लावून सेल काहून बसवला?" वानखेडे मूळचे नागपूरचे. सदाशिव पेठेत इतकी वर्षं काढली, पण 'काहून' काही पुसलं गेलं नाही.

पुढे कधीतरी कागदाच्या टोपलीत बिघडलेला माउस सापडला. तो शेपटीला धरून हे थेट मीटिंगमध्ये शिरले. "कोणाचा उंदीर मेला?" समोरच्या ग्राहक बाईंनी पाय खुर्चीवर घेतले!

साहेबांनी जुने मॉनिटर भंगारवाल्याला द्यायचं ठरवलं, तेव्हा तर वानखेडे ढिगावरच बसले. "तो वायरी जाळून तांबं काढते. धूर कोणाच्या नाकात जाईल? ई-कचरा नेणाऱ्या परवानावाल्यांची गाडी येऊ द्या, मग उठतो." शेवटी साहेबांनीच फोन करून ती गाडी मागवली.

त्यांना पुरून उरल्या फक्त स्टोअरच्या गोडबोलेबाई. "अहो वानखेडे, भाच्याच्या लग्नातसुद्धा एवढ्या पंगती उठल्या नव्हत्या!" दोघंही एकटी राहणारी, रोज खणखणीत वाजायचं. मग बाई निवृत्त झाल्या आणि वानखेड्यांना भांडायला माणूसच उरलं नाही. चेहरा पाहवत नव्हता. पण एका गुरुवारी बाई हजर! पिशवीत दोन सेल. "रिमोटचे संपले हो. घरच्या कचऱ्यात टाकले असते, तर तुम्ही जेवला नसतात."

तेव्हापासून दर गुरुवारी बाई सेल आणतात, चहा होतो, यथेच्छ भांडण होतं. वानखेडे त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालतात.

परवाच्या गुरुवारी बाई भांडून घरी गेल्या आणि माझ्या टेबलावरचं घड्याळ बंद पडलं. दुकानापर्यंत जायचा आळस. बाईंनी नुकताच आणलेला सेल डब्यातून उचलला आणि गंमत म्हणून घड्याळात घातला. टिकटिक सुरू!

"अहो वानखेडे! हा कुठे मेलाय? ठणठणीत आहे!"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "बोंबलू नका जी. पहिल्या दिवसापासून मालूम आहे मले."

"मग बाईंना सांगत का नाही?"

चुकीच्या डब्यात पडलेल्या टाचणीचाही जाब विचारणारा तो माणूस उगाच शर्टाची इस्त्री हाताने सारखी करू लागला.

"सांगू म्हणता? मग पुढच्या गुरुवारी त्या काहून येतील?"